तंबूची जागा गुराख्याला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धान कापून झालं की आमच्या अर्जुनी मोरगाव भागात तंबूवाले, म्हणजे तंबू ठोकून रात्र काढणारे पर्यटक, दिसू लागतात. कधी नवेगावबांधच्या अंगाने, कधी गावतलावाच्या पाळीवर, कधी कुणाच्या रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात. येवोत बापडे. धानाच्या पुंजण्याजवळ, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाजवळ, राखणीला निजण्यात आमच्या हिवाळ्याच्या रात्री जातात, त्यामुळे हे सुख आम्हाला नवं नाही. खाली हातभर तणीस, अंगावर घोंगडी, डोक्यावर मृग नक्षत्र आणि त्याच्यामागे लागलेला व्याध. पळसाच्या पानांत थापून गोवऱ्यांच्या आरात भाजलेले पानगे, सोबत वांग्याची भाजी. राख झटकून पानगा फोडला की वाफेचा चटका बसतो, तरी दम कुणाला निघत नाही. यात जनरेटर आणि स्पीकरचं काय काम?

जागा निवडणं मात्र येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. फोटो छान येतो म्हणून मंडळी नेमकी रानडुकरांच्या पाणवाटेवर तंबू ठोकतात. आग्या मोहोळाखाली चूल पेटवणारेही महाभाग आहेत. मार्च-एप्रिलात मोहाखाली तर निजूच नये. पहाटे फुलं वेचायला बायांच्या आधी अस्वल हजर असतं. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते आणि चावली तरी पुष्कळदा कळत नाही. म्हणून उघड्यावर निजताना मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचायच्या, सकाळी बूट आपटूनच पायात घालायचे. हे सारं गावातला कोणताही गुराखी एका चहावर सांगेल. पण त्याला विचारतो कोण?

तंबूंवर सरसकट बंदी घाला, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. राखीव जंगलात विनापरवाना मुक्काम हा गुन्हा आहे, तो असू द्या. पण गावाच्या हद्दीतल्या दोन-तीन जागा ग्रामसभेने ठरवून द्याव्यात. गुराख्यालाच वाटाड्या नेमावं आणि त्याची रात्रीची मजुरी पाहुण्यांनी द्यावी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. तेव्हा शेकोटी अजिबात नको. एरवीही निघताना राख ढवळत पाणी ओतावं, हात लावला तर गार लागेपर्यंत. वरून विझलेली आग आत धुमसत असते, आणि सागाच्या वाळल्या पाल्याला ठिणगी पुरते.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. शेजारच्या गावांनीही मांडला, तर ३१ डिसेंबरच्या गर्दीआधी काहीतरी ठरेल.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया