विषय : आयओएस बिल्ड साइनिंगला अडकतो, कीचेनचा दोष दुरुस्त करा, कापलेली मिनिटं परत करा

व्यवस्थापक, बिल्ड सेवा विभाग यांस,

तुमच्या सपोर्टने आत्ताच पुन्हा तिकीट बंद केलं. कारण दिलंय ‘ग्राहकाच्या बाजूची अडचण’. म्हणून हे थेट तुम्हाला लिहीत आहे.

तुमच्या मॅकओएस बिल्ड मशीनची नवी इमेज (सिस्टीमचा तयार साचा) आल्यापासून आमचा रिलीज बिल्ड कोडसाइनला, म्हणजे ॲपवर डिजिटल सही होते त्या पायरीला, लटकतो. तुमची सर्टिफिकेट बसवणारी पायरी दर बिल्डला तात्पुरती कीचेन (मॅकची की आणि पासवर्ड ठेवायची तिजोरी) बनवते, तिच्यात पी-१२ फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची खासगी की) टाकते आणि कीचेन अनलॉक करते. नवी बनवलेली कीचेन ३०० सेकंद वापरली गेली नाही की आपोआप लॉक होते. जुन्या इमेजच्या लॉगमध्ये ही मुदत २१,६०० सेकंद करणारी ओळ होती. नव्यात ती गायब आहे. आमचं कंपाइल १२ मिनिटांच्या आसपास चालतं. साइनिंगची पाळी येईपर्यंत कीचेन लॉक झालेली असते, मॅकओएस पासवर्डची खिडकी उघडतं, आणि समोर कोणी बसलेलंच नसल्यामुळे ६० मिनिटांची मर्यादा संपेपर्यंत बिल्ड तिथेच उभा राहतो. ती सगळी मिनिटं आमच्या खात्यातून जातात.

ज्या ॲपचं कंपाइल ५ मिनिटांच्या आत आटोपतं, त्याला काहीच होत नाही. तुमचा नमुना प्रोजेक्ट छोटा आहे, त्यामुळे तुमच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही. तिकिटात हेही लिहिलं होतं.

आता आजचा फोन. आधी सांगितलं, कॅश साफ करा. मग विचारलं, ‘अँड्रॉइडचा बिल्ड होतोय ना? मग आमच्याकडून सगळं ओके आहे.’ अँड्रॉइडला ग्रेडल हे बिल्ड टूल कीस्टोरची (सहीची की असलेली) फाइल थेट वाचतं, त्यात मॅकच्या कीचेनचा संबंधच येत नाही, हे समजावून सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, ‘सर, डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट रद्द करून नवीन काढा.’ का, तर ‘प्रोसेसमध्ये तसंच आहे.’ ते सर्टिफिकेट ज्या ज्या प्रोव्हिजनिंग प्रोफाइलमध्ये (ॲपलच्या परवानगी फाइलमध्ये) आहे ती सगळी निकामी होतात, आमच्या बाकीच्या ॲपचे रिलीजही बंद पडतील, याची त्यांना कल्पनाही नव्हती. शिवाय नवीन सर्टिफिकेटही त्याच कीचेनमध्ये जाणार आणि ती तशीच लॉक होणार! लॉग उघडा म्हटलं, तर लॉग बघायची परवानगी नाही. आणि शेवटी, ‘तुम्ही बिल्ड जरा फास्ट करून बघा ना.’ पैसे घेऊन हे ऐकवता?

सर्टिफिकेट चांगलं आहे, याचा पुरावा तिकिटाला जोडलेला आहे. तुमची पायरी बंद करून आम्ही स्वतःची कीचेन बनवली, मुदत २१,६०० ठेवली, अनलॉक करून पी-१२ टाकली, की-पार्टिशन-लिस्टमध्ये (पासवर्ड न विचारता की कोण वापरू शकतं, त्या यादीत) ॲपल-टूल आणि ॲपल घातले, कीचेन शोधयादीत जोडली. तुमचंच मशीन, तेच सर्टिफिकेट, आणि साइनिंग सुरळीत झालं. पण मग खासगी की आणि तिचा पासवर्ड आम्हीच सांभाळायचा असेल, तर साइनिंग सांभाळण्याचे पैसे तुम्ही कशाचे घेता?

ती ओळ परत घाला. साइनिंगला अडकलेल्या प्रत्येक बिल्डची मिनिटं परत करा. कोणते बिल्ड ते तुमच्या लॉगमध्ये दिसतं, आमच्याकडून यादी मागू नका. आणि लॉगमध्ये १० मिनिटं काहीच आलं नाही तर बिल्ड थांबवण्याची सोय द्या. ती असती तर निदान नुकसान एवढं झालं नसतं.

तुमची सेवा आम्ही इतर टीमनाही सुचवली होती. आता सुचवणार नाही. हे मिटलं नाही तर कराराचं नूतनीकरण होणार नाही. एक मॅक मिनी घेऊन रनर, म्हणजे बिल्ड करणारं मशीन, स्वतः चालवणं आम्हाला अवघड नाही. अडकलेल्या बिल्डची मिनिटं मात्र तेव्हाही परत मागणारच.

उत्तर लेखी हवं, आणि लॉग उघडून वाचलेल्या माणसाचं.

मोबाइल रिलीज टीम