पिशवी दारात ठेवायला लावायची आणि आत विकायची!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानदाराने पिशवीचे पैसे घ्यावेत की नाही, यावर आपल्याकडे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, दोन हजारांची खरेदी केल्यावर वर दहा रुपयांची पिशवी कसली विकता? दुसरा म्हणतो, घरून पिशवी आणायला काय हात मोडले होते? मी दुसऱ्या तटातली. फुकटच्या पिशवीची चटक वाईट, ती लागली की घरात पिशव्यांची पिशवी तयार होते आणि शेवटी सगळं गटारात जातं, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही या पैशांबद्दल तक्रार करायला बसले आहे, कारण लोकांनी स्वतःची पिशवी आणावी म्हणून जे सुरू झालं, त्याच्या नेमका उलटा कारभार आता मोठ्या दुकानांत चालतो.

आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानात महिन्याचं वाणसामान भरायला गेलं की दारातच सुरक्षारक्षक अडवतो. ‘मॅडम, पिशवी आत नाही नेता येणार.’ मग एक तर ती बाहेरच्या काउंटरवर ठेवून टोकन घ्यायचं, नाहीतर तो पिशवीचे दोन्ही बंद एकत्र धरतो आणि त्यांना प्लास्टिकची पट्टी करकचून आवळतो. कापडी पिशवीचं तोंड बांधायला प्लास्टिक! ही पट्टी हाताने सुटत नाही, कात्रीच लागते. पुढे बिलाच्या रांगेत नंबर लागला की काउंटरवरची मुलगी सगळा माल स्कॅन करते, बेरीज होते, आणि मग विचारते, ‘कॅरी बॅग हवी का? छोटी की मोठी?’ माझी आहे म्हटलं की कात्रीची शोधाशोध सुरू. ती नेहमी शेजारच्या काउंटरवर गेलेली असते. मागची माणसं चुळबुळ करायला लागतात, कोणीतरी ‘चला हो’ म्हणतं. टोकनवाल्यांचे हाल तर आणखी वेगळे. पिशवी दाराबाहेर, आणि तांदूळ, तेल, साबण इथे उघड्यावर. एक आजोबा परवा अगदी इरेला पेटले होते. ‘दहा रुपयांचं नाही गं बाळ, पण माझी पिशवी तिकडे तुम्हीच टांगून ठेवलीय ना?’ त्या मुलीकडे उत्तर नव्हतं आणि असण्याचं कारणही नाही, ती बिचारी पगारी. शेवटी आजोबांनी तेलाची पिशवी काखेत आणि पिठाचं पाकीट छातीशी धरून रस्ता धरला. बाकीचे बहुतेक जण ‘द्या एक मोठी’ म्हणून मोकळे होतात.

चोरीची भीती दुकानांना असते, हे कळतं. पण मग निदान बिल झाल्यावर पिशवी हातात पडेल अशी सोय करा, काउंटरवर कात्री ठेवा. तीही होत नाही, कारण ती झाली तर पिशवी विकली जाणार नाही, असं मी म्हटलं तर चुकेल का?

या पैशांची सुरुवात कुठून झाली हेही पाहण्यासारखं आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबली होती ही गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. केंद्राने २०११ साली नियम केला की दुकानदाराने प्लास्टिकची पिशवी फुकट द्यायचीच नाही. पिशवीची किमान किंमत स्थानिक पालिकेने ठरवायची, तीही पिशवीच्या खर्चाबरोबर कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च निघेल अशी, म्हणजे लोक तीच पिशवी पुन्हा वापरतील. २०१६ च्या नियमांनी दुकानदारावर पालिकेकडे नोंदणी आणि महिना किमान ४,००० रुपये शुल्क घातलं, शिवाय पिशवी पैसे देऊनच मिळेल अशी पाटी ठळक जागी लावायला सांगितली. ते कलम २०१८ च्या मार्चमध्ये वगळण्यात आलं. त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीच आणली. म्हणजे प्लास्टिक गेलं, पालिकेचं शुल्क गेलं, पाटी गेली. राहिलं काय, तर बिलातली ओळ. हे पैसे आता ना पालिकेला जातात ना कचऱ्याला, दुकानाच्या गल्ल्यात पडतात.

वर त्या पिशवीवर दुकानाचं नाव हातभर मोठ्या अक्षरात. पैसे आपण द्यायचे आणि स्टेशनपर्यंत त्यांची जाहिरातही आपणच मिरवायची! चंदीगडच्या जिल्हा ग्राहक मंचापुढे २०१९ साली नेमकं हेच प्रकरण आलं होतं. बाटाच्या दुकानात ३९९ रुपयांचे बूट घेतलेल्या गिऱ्हाईकाला कागदी पिशवीचे ३ रुपये धरून ४०२ चं बिल दिलं. कंपनीने पर्यावरणाचं कारण पुढे केलं. पर्यावरणाची एवढी काळजी असेल तर पिशवी फुकट द्यायची होती, असं मंचाने सुनावलं आणि भरपाई, खर्च आणि दंड मिळून ९,००० रुपये भरायला लावले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात सांगितलं की माल निवडून झाल्यावर, ऐन पैसे देताना, आधी किंमत न सांगता पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आयोगाचा रोख पैसे घेण्यापेक्षा शेवटच्या क्षणी गळ्यात मारण्यावर होता, आणि माझंही म्हणणं तेवढंच आहे. पण दहा रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो, हे सगळं खरं. तरी संध्याकाळी सहाला ऑफिसातून सुटून दूध-भाजी घेऊन घरी पळणारी बाई हे करणार नाही, हे दुकानांना पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक. कापडासारख्या दिसणाऱ्या, हिरव्या-निळ्या रंगाच्या ज्या पिशव्या आपण ‘पर्यावरणपूरक’ समजून विकत घेतो, त्या बहुतेक नॉन-वोवन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या असतात आणि नॉन-वोवन म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, अस्सल प्लास्टिक. केंद्राच्या नियमानुसार ती ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनापेक्षा, पातळ नसावी. घरी आणलेली पिशवी दोन-तीनदा धुतली की तिचे तंतू सुटायला लागतात, बंद उसवतात. आमच्या शेजारच्या बचत गटातल्या बायका जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतात, त्या वर्षानुवर्षं फाटत नाहीत. त्या मात्र मोठ्या दुकानाच्या काउंटरवर कधी दिसल्या नाहीत.

आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट कर लावला, तो नंतर २२ सेंट केला. पैसे सरकारच्या निधीत जातात, आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. तिथे पिशवी विकली गेली नाही तर दुकानदाराचं काही जात नाही. आपल्याकडे जातं. मग तो पट्टी बांधणार नाही तर काय करणार?

इकडे मंडईत मात्र पालिकेचं प्लास्टिकविरोधी पथक येतं. पहिल्या दंडाला ५,००० रुपये. कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये सुटणाऱ्या मावशीला गिऱ्हाईकच म्हणतं, ‘मावशी, पिशवीत द्या ना’, आणि पावती तिच्या नावावर फाटते. तिची चूक नाही असं नाही. पण निदान ती आमच्या पिशवीचं तोंड बांधून ठेवत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पिशवीची किंमत दुकानाच्या दारात, आत शिरण्याआधी वाचता येईल अशी मराठीत लावावी. ज्या पिशवीवर दुकानाचं नाव छापलंय तिचे पैसे घेऊ नयेत. गिऱ्हाईकाची पिशवी बिलाच्या काउंटरवर त्याला उघडी मिळावी. यातलं पहिलं पालिका आणि वजनमापं तपासणारं वैधमापन खातं मनात आणलं तर महिनाभरात करू शकतं.

आपल्या वार्ताहराने महापालिकेकडे दोन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे. प्लास्टिकविरोधी पथकाने गेल्या वर्षी वसूल केलेल्या दंडात फेरीवाल्यांचा वाटा किती आणि मोठ्या दुकानांचा किती? आणि मॉलच्या काउंटरवरची एखादी दहा रुपयांची पिशवी पथकाने उचलून तिचं जीएसएम कधी मोजलं आहे का?

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)