आकडा छापलात, पण कशाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिरेनियम या सुगंधी झाडाचं तेल काढल्यावर उरलेल्या पाल्यात, म्हणजे चोथ्यात, मोलाची फिनॉल आहेत, असं सांगणारा कालच्या कृषी पुरवणीतला लेख वाचला. ‘टाकाऊतून सोनं’ हे शीर्षक ज्यांनी दिलं, त्यांनी एकदा भर दुपारी आमच्या तेल काढायच्या युनिटवर चोथा उपसायला यावं, एवढीच नम्र विनंती. एक टन पाला शिजवावा तेव्हा जेमतेम किलोभर तेल हाती लागतं. बाकीचं सगळं वाफाळतं ओझं दाताळ्याने ओढून काढायचं, वाळवून भट्टीत घालायचं नाहीतर शेतात पसरायचं.

त्या चोथ्यात फिनॉल आहेत, त्यांच्यातलीच फ्लेव्होनॉइड आहेत, हे खरंच. सिट्रोनेलॉल, जिरेनिऑल हे वासाचे पदार्थ वाफेबरोबर उडतात आणि तेलात जातात. क्वेर्सेटिन या फ्लेव्होनॉइडच्या कुळातले पदार्थ उडत नाहीत, मागे राहतात. इथवर लेखकमहाशयांशी आमचं भांडण नाही. पण फिनॉलचा जो आकडा ठळक चौकटीत छापलात, तो ओल्या चोथ्याचा की वाळलेल्या? शंभर किलोत सत्तर किलो पाणी असेल, तर नुसतं कोरड्या वजनावर मोजलं की आकडा तिपटीहून मोठा होतो. चोथा तोच, टाकी तीच!

मी एवढा का चिडलोय ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मीही एका प्रयोगशाळेत नमुना दिला होता. नाव लिहीत नाही. पैसे आगाऊ घेतले, अहवालासाठी हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी एक पान हातात दिलं. ‘एकूण फिनॉल, गॅलिक आम्ल समतुल्य, मिलिग्रॅम प्रति ग्रॅम’ आणि पुढे आकडा. नमुना कसा वाळवला, अर्क पाण्यात काढला की मिथेनॉलमध्ये, अक्षर नाही. गोल शिक्का मात्र ठसठशीत. फोन केला तर पलीकडून उत्तर, “काका, आकडा चांगलाच आलाय की!” तो कागद घेऊन एका अर्कवाल्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने मागूनपुढून बघितला आणि दोनच गोष्टी विचारल्या, “ओल किती होती? आणि यातलं फिनॉल कुठलं?” चहा पाजला, वाटेला लावलं. त्याची काय चूक?

एकूण फिनॉल मोजायची ही फोलिन-सिओकाल्टू चाचणी स्वस्त आणि सोपी. अर्कात पिवळं द्रावण टाकायचं, वर सोडा, की निळा रंग चढतो. तो किती गडद ते यंत्रावर मोजायचं. पण हा निळा रंग एकटी फिनॉलच चढवतात असं नाही. क जीवनसत्त्व चढवतं, काही शर्करा, प्रथिनंही चढवतात. पहिल्या चाळणीपुरती ठीक आहे. भाव मिळतो तो नाव घेऊन मोजलेल्या पदार्थाला. रोजमेरीचा अर्क युरोपात ई 392 म्हणून खाद्यपदार्थांत चालतो, तो कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल यांच्या मापावर. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे अर्कातले पदार्थ वेगळे करून एकेक मोजणारं यंत्र, लागतं. अख्ख्या लेखात तो शब्द शोधून सापडला नाही. ‘सोनं’ मात्र चार ठिकाणी सापडलं.

आणि तळाच्या पाण्याचं काय? आमच्यासारख्या छोट्या युनिटात टाकीच्या तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर पाला आणि खाली जाळ. वाफ पाल्यावर थंडावते, थेंब थेंब खाली गळते, आणि पाण्यात विरघळणारं बरंच काही घेऊन उतरते. झडप उघडली की काळपट, तुरट वासाचं पाणी भसाभस नालीत जातं. ते सोडून फक्त चोथा मोजणं म्हणजे चहा गाळून ओतून द्यायचा आणि गाळणीतल्या भुकटीत कडकपणा शोधायचा. संशोधकांनी एक बाटली त्याचीही भरून न्यावी. आम्ही फुकट देऊ.

जाता जाता, लेखासोबत छापलेला फोटो कुंडीतल्या शोभेच्या जिरेनियमचा आहे. लालभडक फुलांचे गेंद, गोल पानं. तेलाच्या जिरेनियमची पानं खोल कातरलेली असतात आणि फुलं बारकी, फिक्कट गुलाबी. तो फोटो बघून उद्या कुणी नर्सरीतून एकरभर रोपं उचलली, तर त्याला तेल कुठून काढून देणार आहात? सोबत आमच्या प्लॉटवरचा फोटो पाठवला आहे. तो छापावा, मानधन नको.

आपला,
एक युनिटवाला शेतकरी, जि. सोलापूर