ओळंबा धरणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात गुहागरच्या पुळणीवर, ओहोटीने घट्ट झालेल्या वाळूत, आपण माझी गोल्फची उभे राहण्याची पद्धत दुरुस्त केलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. मुंबईत उमेदीची वर्षे कॅडी, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याचे सामान वाहणारा मदतनीस, म्हणून काढून गावी परतल्यावर आपण गवंडीकाम धरलेत. त्या दोन्ही कामांत तयार झालेली आपली नजर त्या सकाळी माझ्या कामी आली.

डावा हात आणि क्लबचा (गोल्फच्या काठीचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, एका रेषेत हवा, हे वाक्य मी वर्षानुवर्षे उराशी धरले होते. ती रेषा समोरून पाहायची असते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. त्यामुळे मनगटे उचलून आणि हात पुढे ताणून मी बाजूनेही तीच रेषा साधू पाहत असे. आपण वाद घातला नाहीत. पिशवीतून ओळंबा काढलात आणि त्याची दोरी माझ्या खांद्याशी धरलीत. लंबक पायांच्या बोटांवर येऊन स्थिरावला; माझे हात त्याच्या चांगले वीतभर पुढे होते. “हात या दोरीसारखे लोंबू देत, मग क्लब धरा,” एवढेच म्हणालात. तसे करताच मांडी आणि ग्रिपचे (क्लबच्या मुठीचे) टोक यांत मूठभर अंतर उरले, मनगटाशी कोन आला, खांद्यांतला ताण उतरला. आणि सात नंबरच्या आयर्नला (मध्यम पल्ल्याचा क्लब) हात चेंडूच्या किंचित पुढे, डाव्या मांडीच्या आतल्या अंगाला येऊन समोरची ती रेषाही जुळली. ड्रायव्हरला (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) चेंडू डाव्या टाचेच्या समोर असतो, तेव्हा हात मुद्दाम पुढे दाबू नका, हेही आपण तेव्हाच बजावलेत.

चेंडू उजवीकडे वळण्याचे माझे दुखणे जुने. पावले दक्षिणेला रोवलेल्या खुंटीच्या दिशेशी समांतर होती, पण आपण माझ्या दोन्ही हातांवर, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, आडवी ठेवलेली चिवारीची काठी खुंटीच्या डावीकडे, सुरूबनाकडे रोखलेली होती. उजवा हात ग्रिपवर खाली असतो, म्हणून उजवा खांदाही थोडा खाली असायला हवा; मी कोपर ताठ ठेवून तो पुढे आणत होतो. कोपर सैल सोडून अंगाकडे घेताच काठी खुंटीच्या दिशेला आली, आणि समुद्राकडे झुकणारे सरावाचे प्लास्टिकचे चेंडू बरेच सरळ जाऊ लागले.

फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेत नेम जुळवण्यासाठी जमिनीवर काठी ठेवून उभे राहिल्यास, ती फटक्याआधी उचलली तरीही, 2019 पासूनच्या नियमांनुसार दोन फटक्यांचा दंड होतो. म्हणूनच काठी काढून घेऊन, खाली नजर टाकून दोन्ही हातांची पातळी ओळखायला आपण मला वीस-पंचवीस वेळा लावलेत. ती सवय आता प्रत्येक फटक्याआधी होते.

त्या सकाळचे आपण काही घेतले नाहीत, चहासुद्धा आपल्याच घरी झाला. शिमग्याला गुहागरला येत आहे. ड्रायव्हरचे उभे राहणे एकदा आपल्या नजरेखालून घालायचे आहे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी