शाळेला शिक्षक नव्हते त्या वर्षी आलेल्या बाईंना

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

2023 च्या जूनमध्ये आमच्या वाडीची शाळा उघडली तेव्हा शाळेत एकही शिक्षक नव्हता. आंतरजिल्हा बदल्यांमध्ये त्या वर्षी कोकणातून शेकडो गुरुजी आपापल्या जिल्ह्यांत परत गेले, त्यांत आमचे दोघेही गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. घरापासून एवढ्या लांब इतकी वर्षे काढल्यावर म्हाताऱ्या आईवडिलांजवळ जावेसे कुणालाही वाटेल. पण त्यांना कार्यमुक्त करताना त्यांच्या जागी कोण येणार, हे विचारल्यावर कुणी धड उत्तर दिले नाही. केंद्रशाळेतले एक सर ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरते, यायचे, तेही आठवड्यातून दोन-तीन दिवस. बाकीचे दिवस मुले खिचडी खायची, मैदानात हुंदडायची आणि दप्तर न उघडता घरी यायची. गणपतीच्या आधी तुम्ही रुजू झालात आणि शाळा पुन्हा शाळेसारखी भरायला लागली.

त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते चार लोकांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झाले, तुमच्या त्यागावर भाषणे झाली. कामावर कुणी फारसे बोलले नाही. आमचे घर शाळेला लागून आहे, त्यामुळे ते काम मी रोज पाहिले आहे.

पहिली ते चौथी, चारही वर्ग एका खोलीत. तुम्ही फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून त्याचे चार भाग करायचात. चौथीला वजाबाकीची उदाहरणे लिहून दिली की तिसरीला शुद्धलेखन, तिसरी लिहीत असताना दुसरीचे वाचन, आणि त्या वाचनाकडे कान ठेवून पहिलीतल्या पोराचा हात धरून ‘क’ गिरवणे. मध्येच मान वर न करता तुम्ही चौथीतल्या एखाद्याला सांगायचात, ‘हातचा विसरलास बघ.’ मी अंगणात तांदूळ निवडताना हे ऐकायचे आणि मला नवल वाटायचे, की न बघता यांना कळते कसे? शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक सांगितले आहेत. आमची मुले वीसच्या आत, म्हणून लोकांना वाटते की एक माणूस सहज सांभाळील. अशा वर्गात तासभर उभे राहून बघा म्हणावे. मुले थोडी असली तरी इयत्ता चारच असतात, पुस्तके चारांचीच असतात, आणि पोषण आहाराचे रजिस्टर, ऑनलाइन माहिती, केंद्रातून येणारे तक्ते हे सगळे मोठ्या शाळेएवढेच असते.

माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता आणि जोडाक्षर आले की अडायचा. वाचता येत नाही म्हणून तो पुस्तक हातात घ्यायलाच तयार नसायचा. तुम्ही त्याला पुस्तक दिलेच नाही. संध्याकाळी फाट्यावर मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या लागतात, त्यांच्या पाट्या वहीत उतरवून आण म्हणालात. रत्नागिरी, संगमेश्वर, अर्नाळा, विठ्ठलवाडी. त्याचा बाबा याच गाड्यांनी येतो-जातो, त्यामुळे ही गावे त्याला तोंडपाठ होती, फक्त ती अक्षरांत कशी दिसतात ते ठाऊक नव्हते. ‘त्न’ रत्नागिरीचा, ‘श्व’ संगमेश्वरचा, ‘र्न’ अर्नाळ्याचा, ‘ठ्ठ’ विठ्ठलवाडीचा. शिमग्याला बाबा घरी आला तेव्हा पोराने त्याला वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. अडखळत, पण शेवटपर्यंत. तुमचे आभार मानायला मला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

आता पैशांचे लिहिते. तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरे होणार नाही.

तुम्हाला महिना नऊ हजार रुपये मानधन होते, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम यायचे. सुट्टीतल्या मे महिन्याचे काहीच नाही. रुजू होताना तुमच्याकडून हमीपत्र घेतले होते की कायम सेवेचा हक्क सांगणार नाही. एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले म्हणून निदान प्रवासाचे थोडे वाचत होते. फाट्यापासून शाळेपर्यंत चालत, पावसाळ्यात साकव ओलांडून यायचात. त्याच वर्षी जुलैत शासनाने निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यायचे ठरवले, त्यांना 20,000 रुपये. त्यांना पेन्शनही असते. शासनाच्या भरती पोर्टलवरून निवड झालेल्या नव्या शिक्षकाला, म्हणजे शिक्षण सेवकाला, 16,000. कायम शिक्षकाचे नुसते मूळ वेतनच 29,200 पासून सुरू होते. फळा तोच, मुले तीच, चार इयत्ता त्याच, आणि तुमची डीएडची पदविकाही त्यांच्यासारखीच.

शिक्षण सेवकाची ही योजना 2000 साली आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला 3,000 रुपये देत. पुढे 6,000 झाले आणि तिथेच दशकभर गाडी अडली. 16,000 झाले ते 2023 उजाडल्यावर. तीन वर्षे या मानधनावर काढायची आणि मग वेतनश्रेणी. तुमच्या वाट्याला तेही आले नाही. तुम्ही डीएड झालात तेव्हा ‘डीएड म्हणजे नोकरी’ असे घरोघरी बोलले जायचे, लोक जमिनी विकून पोरांना डीएडला घालायचे. 2012 च्या मे महिन्यात भरती थांबली आणि तुमची अख्खी पिढी वाट पाहत बसली. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती थेट 2017 च्या डिसेंबरात, त्यानंतरची 2023 मध्ये. इकडे शाळांत जागा रिकाम्या, तिकडे पात्र माणसे घरी, आणि दरम्यान तुमची वयोमर्यादा जवळ येत चालली. मग जागा अगदीच अडल्या तेव्हा त्याच माणसांना नऊ हजारांत बोलावले. शिक्षक मिळत नाहीत असे कुणी म्हणाले की मला तुमची आठवण येते. तुम्ही दोन गावे पलीकडे राहत होतात!

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने कायम शिक्षकासाठी किती अर्ज केले, पंचायत समितीत किती वेळा जाऊन बसलो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातले दोन अर्ज तर तुमच्याच अक्षरात आहेत. कायम शिक्षक आला की आपले काम संपणार, हे तुम्हाला पक्के माहीत होते, तरी तुम्ही ते अर्ज लिहून दिलेत. ‘मुलांना कायमचे माणूस पाहिजे, दरवर्षी बदलणारे नको,’ एवढेच म्हणालात. पुढच्या वर्षी पोर्टलवरून नवे सर आले. चांगले आहेत, तरुण आहेत, मुलांत रमतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तुमच्या वह्या मागून घेतल्या, कोण कुठे अडते ते तुम्ही लिहून ठेवले होते त्या. ‘यामुळे माझे दोन महिने वाचले’ असे ते मला म्हणाले. ते आल्याचा आनंद आहे आणि तुम्ही गेल्याचे वाईटही वाटते. तुम्हाला दुसऱ्या पदावर घेता आले असते, कारण आमचे दुसरे पद अजूनही रिकामेच आहे. पण तशी तरतूद नाही असे आम्हाला सांगण्यात आले.

बाई, तुम्ही सध्या शिवणकाम आणि शिकवण्या करता असे कळले. चाचणीचा अभ्यास सोडू नका असे मी म्हणणार नाही, ते सांगणे फार सोपे आहे आणि तुम्ही तो इतकी वर्षे केला आहे. आमच्या हातात जे आहे ते आम्ही करतो आहोत. तुमचे शेवटच्या दोन महिन्यांचे मानधन अजून मिळालेले नाही, ते ताबडतोब द्यावे असा ठराव समितीने केला आहे आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मी स्वतः मांडणार आहे. कंत्राटी शिकवलेले वर्ष भरतीत अनुभव म्हणून धरावे, असाही एक ठराव सोबत आहे. वाडीतल्या सगळ्या पालकांच्या सह्या झाल्या, मुंबईकरांनी फोनवरून पाठिंबा कळवला. हे पत्र त्या ठरावांना जोडणार आहे.

अनुभवाच्या दाखल्याचा मसुदा नव्या सरांनी तयार केला आहे, त्यात रुजू झाल्याची तारीख हवी. तुमच्या नियुक्तीपत्राची आणि हमीपत्राची झेरॉक्स ग्रामसभेआधी पाठवा. यायला जमले तर उत्तमच, दुपारची एसटी हल्ली वेळेवर असते, जेवायला आमच्याकडेच या.

आपली,
शाळेला लागून असलेल्या घरातली एक पालक