मैदानातला आवाज टिपणाऱ्यांनाही थोडी जागा द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मोठ्या मैदानांवर होणाऱ्या रॉक संगीताच्या कार्यक्रमांत हात उंच धरून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांविषयी अलीकडे बरीच नाराजी व्यक्त होत असते. समोरच्या माणसाच्या इवल्याशा पडद्यावर गायक पाहण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला ती पटेलच. मात्र या नाराजीत एक जुना आणि निरुपद्रवी छंद नाहक भरडला जात आहे, म्हणून हे पत्र. कोणाच्याही दृष्टीआड न येता, श्रोत्यांमध्ये उभे राहून केवळ ध्वनी टिपणारे आम्ही थोडे लोक आहोत. आयोजकांनी आम्हाला चोर समजू नये आणि शक्य असल्यास दहा-बारा जणांपुरती जागा द्यावी, एवढीच विनंती आहे.

१५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू या आयरिश बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला. ‘द जोशुआ ट्री’ हा त्यांचा अल्बम १९८७ सालचा, आणि त्याच नावाच्या दौऱ्याची सांगता त्या रात्री आपल्याकडे झाली. माझ्या पिढीने ही गाणी मित्राच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर ऐकली होती. हा बँड एक दिवस हार्बर लाइनवर येऊन वाजवील, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर आम्ही त्याची थट्टाच केली असती. त्या रात्री माझ्या खिशात एक छोटा रेकॉर्डर होता आणि कॉलरच्या दोन टोकांना वाटाण्याएवढे दोन मायक्रोफोन होते.

हे काम बटण दाबून मोकळे होण्याइतके सोपे नसते. पहिल्या गाण्यावर बेतून लेव्हल, म्हणजे ध्वनी टिपण्याची पातळी, ठरवली तर शेवटच्या गाण्याला आवाज फाटतो, म्हणून सुरुवातीलाच ती कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवावी लागते. छातीत घुमणारा खर्ज मायक्रोफोनला झेपत नाही, तो आधीच थोडा कापावा लागतो. उभे कुठे राहायचे हे तर सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याचे उत्तर बहुधा एकच असते: ध्वनिनियंत्रण करणारे तंत्रज्ञ जिथे बसतात त्याच्या लगेच मागे, कारण सारा कार्यक्रम ते स्वतःच्या कानांना ऐकू येईल तसाच जुळवीत असतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रमचा ठोका जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि म्हणूनच मैदानाच्या मधल्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढ्याच विलंबाने वाजवले जातात. माणसांना असा विलंब कोण लावणार? पुढचे आधी गातात, मागचे मागाहून, आणि ध्रुवपद मैदानभर लाटेसारखे सरकत जाते. नंतर विक्रीस येणाऱ्या अधिकृत ध्वनिमुद्रणात ही लाट सहसा राहत नाही. श्रोत्यांचा आवाज तिथे हवा तेवढा, हवा तिथे चढवलेला आणि उतरवलेला असतो.

त्या रात्रीच्या मुद्रणात माझ्या डाव्या हाताला उभे असलेले एक अनोळखी गृहस्थ आहेत. ते साधारण माझ्याच वयाचे असावेत. एका संथ गाण्याला ते चांगले सुरात गाऊ लागले, दुसऱ्या कडव्यावर त्यांचा आवाज फुटला, आणि पुढे गाणे संपेपर्यंत फक्त नाक ओढल्याचे ऐकू येते. मला त्या वेळी त्यांचा, खरे सांगायचे तर, रागच आला होता. घरी आल्यावर तो आवाज काढता येतो का, याची मी आठवडाभर खटपट केली. डावी बाजू उतरवली की गिटारही अर्धी जायची. आता ते गाणे लावले की मी त्यांचीच वाट पाहतो. माझा स्वतःचा आवाज मात्र त्यात कुठेच नाही. मुद्रण करणाऱ्याला गाता येत नाही आणि टाळीही वाजवता येत नाही, कारण ती मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर फुटते. अंग वळवले तरी ऐकताना सारे मैदान फिरल्यासारखे वाटते. ए. आर. रहमान मंचावर आले तेव्हा भोवती जो गलका उठला, त्यातही मी खांबासारखा उभा होतो.

बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. ज्या ॲस्टन भागात हे चौघे वाढले, तिथलेच हे फुटबॉलचे मैदान. पार्किन्सनने ग्रासलेले त्यांचे गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायले आणि सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, त्यांचे निधन झाले. त्या कार्यक्रमाचे देखणे चित्रण झाले आहे. पण थकलेला गळा जिथे अडखळतो, तिथे गाणे कोणी आणि कसे उचलून धरले, हे गर्दीत उभ्या असलेल्या मायक्रोफोनला जितके कळते तितके मंचावरच्या मायक्रोफोनला कळत नाही.

आपल्याकडे याला परंपरा नाही असेही नाही. खासगी मैफलींत रसिकांनी स्पूलवर केलेली मुद्रणे हातोहात फिरली आणि कुठल्याही ध्वनिमुद्रिकेत नसलेली गाणी त्यांतून उरली, हे मराठी घरांना सांगायला नको. त्या फितींतली दाद कोणी कापून टाकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कायद्याचे म्हणाल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ अन्वये कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क आहे आणि तो असायलाच हवा. परंतु त्याच कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला त्या हक्काचा भंग मानत नाही. विक्री करणे किंवा सर्वांसाठी खुले करणे ही वेगळी गोष्ट झाली, आणि तिची वकिली मी करीत नाही. तिकिटामागच्या बारीक अक्षरांतल्या अटीही आयोजकांनी घातलेल्या असतात, त्या तेच सैल करू शकतात. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमाच्या प्रवेशद्वारावर माझा रेकॉर्डर ‘व्यावसायिक उपकरण’ म्हणून काढून घेण्यात आला. माझ्या पुढून आणि मागून मात्र त्याहून सरस ध्वनी आणि चित्र टिपणारे हजारो मोबाइल विनातक्रार आत गेले. सुरक्षारक्षक बिचारा यादीप्रमाणे वागत होता, त्याच्यावर माझा राग नाही. ती यादी करणाऱ्याने एकदा विचार करावा.

अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने हा प्रश्न केव्हाच सोडवला. मुद्रण करणाऱ्यांच्या मायक्रोफोनच्या काठ्यांचे जंगल इतरांच्या नजरेआड येऊ लागले, तेव्हा त्यांनी बंदी घातली नाही. ऑक्टोबर १९८४ पासून ध्वनिनियंत्रणाच्या जागेमागे त्यांच्यासाठी वेगळा विभाग ठेवला आणि त्याची तिकिटे स्वतंत्र काढली. ती मुद्रणे चाहत्यांत विनामूल्य फिरत राहिली आणि त्यामुळे बँडची तिकिटे खपायची थांबली नाहीत.

आपल्याकडेही कलावंतांची संमती असेल तिथे असा प्रयोग करून पाहावा. काठ्या नकोत, कॅमेरे नकोत, वीजजोडणीही नको. उपकरण तपासून घेण्यासाठी दोन तास आधी येण्याची, नाव-पत्ता नोंदवण्याची, विक्री न करण्याचे हमीपत्र देण्याची आणि तिकिटाचे चार पैसे जास्त मोजण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे