अजून त्याच टीमच्या मागे

पिट्सबर्ग,
29 नोव्हेंबर 2025

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पुतण्याने सप्टेंबरात काढलेला आमचा दोघांचा फोटो तू पाहिलास आणि एकच ओळ लिहिलीस, "अरे, अजून त्याच टीमच्या मागे आहेस?" फोनवर उत्तर द्यायला गेलो तर धड बोलता येईना, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. थँक्सगिव्हिंगला आलेली लेक सकाळी परत गेली. घर शांत आहे.

होय, अजून त्याच टीमच्या, बेसबॉलच्या आपल्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या, मागे आहे. आणि यंदा जेवढा चिडलोय तेवढा गेल्या तेहतीस वर्षांत कधी चिडलो नव्हतो.

तुला ती रात्र आठवत असेल. ऑगस्ट 1992 मध्ये आपण इथे उतरलो आणि 14 ऑक्टोबरला इथल्या ओकलंड भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, जुन्या बाजारातून आणलेल्या टीव्हीसमोर बसलो होतो. खेळ निम्माच कळत होता. खालच्या मजल्यावरचे आजोबा मुद्दाम वर येऊन आपल्याला समजावून सांगत होते. अटलांटाला लीगच्या फायनलची सातवी, निर्णायक मॅच, शेवटची इनिंग सुरू होताना पायरेट्स 2-0 पुढे. मग 2-1 झालं. तिन्ही बेस भरलेले, दोघे आउट. फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाच्या राखीव बॅटरने चेंडू लेफ्ट फील्डकडे मारला, आपल्या बॅरी बॉन्ड्सने तो उचलून फेकला, आणि दुखऱ्या गुडघ्यांचा सिड ब्रीम घसरत होम प्लेटला पोचला. चेंडूच्या जरासा आधी. 3-2, हरलो. हाच ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचा होता. आजोबा काही न बोलता उठले, जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर थरथरत होता. तू मला म्हणालास, "आपल्या गावात कुणी गेलं की असं होतं." मी त्या रात्री या टीमचा झालो.

बॉन्ड्स त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पुढे 1993 ते 2012 असे सलग 20 हंगाम टीम जिंकली कमी आणि हरली जास्त. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढा लांब दुष्काळ कुणी पाहिलेला नाही. तू 1995 ला तासगावला परतलास, बाग हातात घेतलीस. मी त्याच दुष्काळात इथे नोकरी केली, लग्न केलं, घर घेतलं, मुलगी वाढवली.

मधे एकदा पाऊस पडला, तेही तुला सांगायला हवं. 1 ऑक्टोबर 2013. सिनसिनाटीविरुद्ध एकच मॅच, जो जिंकेल तो पुढे. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत. मी लेकीला घेऊन गेलो होतो, ती तेव्हा चौदा वर्षांची. त्यांचा पिचर, म्हणजे बॉलर, जॉनी क्वेटो, आणि हजारो लोक एका सुरात त्याचं नाव ओढून ओढून घेताहेत. त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला. लोकांनी जो गलका केला तो विरायच्या आत पुढच्याच चेंडूवर आपल्या रसेल मार्टिनने होमरन, म्हणजे सिक्सरच, मारला. माझ्या शेजारचा माणूस, ज्याचं नाव मला आजही माहीत नाही, माझ्या गळ्यात पडून रडत होता. मीही रडत होतो. लेक आजही म्हणते, तिने मला रडताना पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

2015 ला तर 98 मॅच जिंकल्या. पुन्हा तसाच एका मॅचचा निकाल, शिकागोच्या जेक अरिएटाने एकही धाव होऊ दिली नाही, 4-0. आता अजून दोन चांगले खेळाडू आणले की झालं, असं सगळं गाव म्हणत होतं. दोन चांगले खेळाडू आले नाहीत. जानेवारी 2018 मध्ये आपला पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला गेला आणि त्याच आठवड्यात अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. मॅककचन म्हणजे या गावाचा लाडका, 2013 चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी 31 जुलैला क्रिस आर्चर नावाच्या पिचरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे तरुण देऊन टाकले. आर्चरकडून काही विशेष झालं नाही. आणि नंदू, यंदा 31 ऑक्टोबरच्या रात्री वर्ल्ड सिरीजची, म्हणजे हंगामाच्या फायनलची, सहावी मॅच हातातून निसटत असताना नवव्या इनिंगमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्ससाठी ती वाचवायला कोण आला? ग्लासनाऊ. मी टीव्ही बंद केला नाही, पण आवाज बंद केला.

तुला हे समजावणं मला सोपं जातं, कारण तू बागायतदार आहेस. नवीन लावलेल्या वेलाला फळ लगेच धरत नाही, खत-पाणी, छाटणी, फवारणी, मांडवाचा खर्च आधी आणि घड नंतर. इथे तरुण खेळाडू तयार करण्याच्या व्यवस्थेला शेतीचाच शब्द आहे, फार्म. खालच्या लीगमधून पोरं वर चढत येतात. थांबायला माझी ना नाही. 2019 च्या नोव्हेंबरात बेन चेरिंग्टन जनरल मॅनेजर म्हणून, म्हणजे संघ बांधायला, आले आणि पुन्हा पहिल्यापासून उभं करायचं म्हणाले, तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगितलं की या माणसाला वेळ द्या. 2021 ला 101 मॅच हरलो, 2022 ला 100. दिला वेळ. मग 2023 ला 76 विजय, 2024 ला तेवढेच 76, आणि यंदा 71. सहा हंगाम झाले, एकही असा नाही की जिथे विजय जास्त आणि पराभव कमी. तुझ्या बागेत सहाव्या वर्षीही घड आले नाहीत तर तू वेलाला दोष देशील की माळ्याला?

8 मे ला, 12 विजय आणि 26 पराभव अशी सुरुवात झाल्यावर, डेरेक शेल्टन या मॅनेजरला काढलं. इथला मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटच्या कोचसारखा, मैदानावरचं बघणारा. संघ कुणाचा बनवायचा, पैसे कुठे लावायचे, हे त्याच्या हातात नसतंच. ज्यांच्या हातात आहे ते तिथेच आहेत. डॉन केली हा नवा मॅनेजर इथल्याच मातीतला, भला माणूस, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर्ण हंगामात टीमने 583 धावा केल्या आणि 117 होमरन मारले, तीस टीममध्ये दोन्ही सगळ्यात कमी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हे सगळं कधी, तर पॉल स्कीन्ससारखा पिचर आपल्याकडे असताना! फोटोत तुझ्या पुतण्याच्या अंगात 30 नंबरचा जो शर्ट आहे तो त्याचाच. तेवीस वर्षांचा पोरगा. 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेतात त्यात, पहिला निवडलेला, 2024 चा सर्वोत्तम नवोदित, आणि या महिन्यात सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, एकमताने. नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा देत नाही, 1.97. एवढं करून त्याच्या नावावर विजय 10 आणि पराभवही 10. याचा अर्थ तुला लगेच कळेल. तो उभा राहून समोरच्याला रोखून धरतो आणि आपले बॅटर त्याच्यासाठी दोन धावा करत नाहीत. मी त्याच्या मॅच मैदानात बसून पाहिल्या आहेत. सात इनिंग टाकून तो डगआउटमध्ये परततो, टोपी काढतो, फळकुटावर बसतो. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. माझ्याच पोटात तुटतं.

नियम असा आहे की वरच्या लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. त्याची ती 2029 ला भरतात. म्हणजे हातात चार हंगाम. त्याच्याआधीच त्याला विकून टाकतील अशी भीती गावात प्रत्येकाला आहे, आणि ती निराधार म्हणायला माझ्याकडे काही नाही.

तू म्हणशील, लहान गाव आहे, पैसे कुठून आणणार? हे मीही वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. आयपीएलमध्ये सगळ्या संघांना लिलावात एकच रक्कम मिळते, बेसबॉलमध्ये तसं बंधन नाही. डॉजर्स पगारावर 30 कोटी डॉलरच्या वर खर्च करतात, आपण नऊ कोटींच्या आसपास. हा अन्याय आहेच, लीगने तो मिटवायला हवा. पण मिलवॉकी बघ. आपल्याच गटात, आपल्यासारखंच लहान गाव. यंदा सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त मॅच त्यांनी जिंकल्या, 97. तेव्हापासून ते कारण माझ्या तोंडी येत नाही.

बॉब नटिंग हे 2007 पासून मुख्य मालक आहेत. घराणं वर्तमानपत्रांच्या धंद्यातलं. या क्लबने आजवर कुणाला दिलेला सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचे 10.675 कोटी डॉलर. करार संपून मोकळा झालेल्या खेळाडूला दिलेला सगळ्यात मोठा करार 3.9 कोटींचा, फ्रान्सिस्को लिरियानोचा, आणि तो डिसेंबर 2014 मधला. अकरा वर्षांत त्याच्यापुढे एक पाऊल गेलेलं नाही. डाळ-तांदळाचे भाव अकरा वर्षांत कुठे गेले ते तुला मी काय सांगू. म्हणून एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या मॅचला लोक एका सुरात "टीम विका" ओरडत होते. मी कधी घोषणा देणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी दिली.

पैशाचं एक वेळ सोडून देतो. क्लेमेंटेचं मला सोडवत नाही. रॉबर्टो क्लेमेंटे आठवतोय ना, ज्याचा फोटो आजोबांच्या स्वयंपाकघरात येशूच्या शेजारी होता? बरोबर 3000 हिट्स मारून 1972 चा हंगाम संपवला आणि त्याच 31 डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला, विमान समुद्रात कोसळलं. त्याचा नंबर 21, म्हणून इथली राइट फील्डची भिंत 21 फूट उंच बांधली. यंदा त्या भिंतीवरची त्याची 21 नंबरची खूण काढून तिथे डब्यातल्या दारूची जाहिरात लावली. त्याच्या मुलाने जाहीरपणे नाराजी सांगितली तेव्हा क्लबने माफी मागितली आणि खूण परत लावली. त्याच सुमारास, लोकांनी पैसे भरून आपल्या माणसांच्या नावाने स्टेडियमबाहेर बसवलेल्या विटा उखडून भंगाराच्या ढिगात टाकलेल्या सापडल्या. मेलेल्या बापाचं नाव कोरलेली वीट, नंदू. गावाची आठवण ज्यांच्या हवाली केली त्यांना ती कळत नाही, याचं मला पराभवापेक्षा जास्त लागतं.

आता तुझ्या पुतण्याचं सांगतो, कारण तो मला ऑल्टूनाला घेऊन गेला. खरं म्हणजे मी त्याला नेलं, पण गाडी त्याने चालवली. तिथे आपली खालची टीम खेळते, मैदानामागे जुना लाकडी रोलर कोस्टर आहे. आम्ही कॉनर ग्रिफिनला बघायला गेलो होतो. एकोणीस वर्षांचा, मिसिसिपीचा. यंदा तीन पातळ्या चढला, बॅटिंगची सरासरी .333, 21 होमरन, आणि 65 वेळा पळून पुढचा बेस चोरला. बेस चोरताना तो पाय असा उचलतो की पुतण्या उभा राहून "पळ पळ पळ" असं मराठीत ओरडला आणि पुढच्या रांगेतले आजी-आजोबा हसून त्याच्याकडे वळले. मला 2008 आठवलं, जेव्हा याच पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघा भालाफेकपटूंना करार दिला होता, भारतातले पहिले. ते वरच्या लीगपर्यंत पोचले नाहीत, पण त्या वर्षी ऑफिसात मला सगळे येऊन विचारायचे, आणि मी अभिमानाने सांगायचो की माझी टीम आहे.

ग्रिफिन तयार आहे असं मला वाटतं. त्याला केव्हा वर आणतील याच्याबद्दल मात्र मी काही बोलत नाही. बब्बा चँडलर हा पिचर सबंध उन्हाळा वर यायच्या लायकीचा होता, त्याला 22 ऑगस्टपर्यंत खाली ठेवलं. वर आला आणि पहिल्याच दिवशी चार इनिंग टाकून मॅच राखली. आणि जुलैच्या शेवटी डेव्हिड बेडनार, इथून अर्ध्या तासावरच्या गावातला पोरगा, लहानपणापासून याच टीमचा चाहता, तो न्यूयॉर्कला गेला. बी आपण पेरायचं आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यावर.

13 ऑक्टोबरला मी दरवर्षीसारखा पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या, फोर्ब्ज फील्डच्या, उरलेल्या भिंतीपाशी गेलो होतो. आपण जिच्या सावलीत डबा खायचो तीच. आपण जिंकलेल्या 1960 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सातव्या मॅचचं रेडिओवरचं वर्णन तिथे दरवर्षी पुन्हा लावतात. म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. शेवट सगळ्यांना पाठ आहे, तरी 9-9 झालं की बोलणं थांबतं, आणि मॅझेरोस्कीचा चेंडू भिंतीपलीकडे गेला की सगळे टाळ्या वाजवतात, काही डोळे पुसतात. पुतण्याला तिथे नेलं होतं. परतताना त्याने विचारलं, "काका, या लोकांनी नंतर काय पाहिलं?" मी 1971 आणि 1979 ची विजेतेपदं सांगितली. पुढे तो काही विचारेना, मीही काही सांगेना.

हंगामी तिकिटांचं पत्र आलंय, 15 डिसेंबरपर्यंत कळवायचंय. 2001 मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हापासून ती दोन खुर्च्यांची जोडी आमची आहे. यंदा नाही घ्यायची असं मी ठरवलंय. बायको काही बोलली नाही, पण रात्री तिने ते पत्र कचऱ्यातून काढून फ्रिजवर लावलेलं मी पाहिलं. स्कीन्सची पाळी असेल त्या दिवशी एकेक तिकीट काढून जाईन. ग्रिफिन वर आला तर त्या दिवशी तुझ्या पुतण्याला घेऊन जाईन, ते आत्ताच सांगून ठेवतो, त्याची परीक्षा असली तरी तू मधे पडू नकोस.

यंदाच्या पावसाने बागेचं काय झालं ते सविस्तर लिही. छाटणी उशिरा केलीस असं वहिनी म्हणाल्या. घड किती सुटले?

तुझा,
अवि